पहाटे साडेचारला काय झालं, ते आधी विचारा

वाचकाचं पत्र

माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, इमारतीला लिफ्ट नाही. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या सहा महिन्यांत सासूबाई दोनदा पडल्या. पहिल्यांदा वाळलेले कपडे घेऊन बाल्कनीतून आत येताना उंबऱ्याला अडखळल्या. तेव्हापासून कपड्यांचं काम आम्ही त्यांच्याकडून काढून घेतलं. दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात, पहाटे साडेचारच्या सुमारास, बाथरूमला जाताना पडल्या. हे मात्र त्यांनी आम्हाला सांगितलंच नाही. आठ दिवसांनी बांगड्या सरकल्या आणि मनगटावरचा काळानिळा डाग मला दिसला. बीपीच्या दोन गोळ्या आणि रात्री झोपेची एक गोळी चालू आहे. आता मिस्टरांनी फर्मान काढलंय : जिना उतरायचा नाही, गुरुवारचं भजनी मंडळ बंद, आंघोळ दार उघडं ठेवून. हॉलमध्ये कॅमेराही लावलाय. सासूबाई म्हणतात, "मी काय कैदी आहे का?" काठीचं नाव काढलं तर बोलणंच बंद करतात. पूर्णवेळ बाई ठेवावी का? की बाथरूम फोडून नवीन टाइल्स बसवाव्यात?

— एक सून, डोंबिवली

उत्तर

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी अडकले ती बांगड्यांपाशी. मनगट ठणकत असताना आठ दिवस पोळ्या लाटायच्या, भाजी निवडायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे सोपं नाही. त्यांनी ते का केलं असेल? पहिल्यांदा पडल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, तर कपड्यांचं काम गेलं. दुसरं पडणं उघड झालं, तर भजन गेलं. तिसऱ्यांदा पडल्या तर त्या सांगतील का, तुम्हीच विचार करा.

म्हणून बाई आणि टाइल्स दोन्ही जरा बाजूला ठेवू. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली बावीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन काम करते, त्यामुळे पडलेली माणसं रोजच भेटतात. माझा अनुभव असा, की पडलेलं माणूस फरशीला दोष देतं, घरचे वयाला दोष देतात, आणि नेमकं काय झालं हे कुणीच विचारत नाही. माझ्या आत्याचंच घ्या. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून बाहेर येताना ती पडली. सगळ्यांनी उटण्याच्या तेलाला बोल लावला, लादी दोनदा साबणाने घासून घेतली. महिन्याभरात ती पुन्हा पडली. यावेळी हॉलमध्ये, कोरड्या लादीवर. मग कुठे लक्षात आलं, की दोन्ही वेळा ती नुकतीच कढत पाण्याने आंघोळ करून उठली होती, पोटात अन्नाचा कण नव्हता आणि बीपीची गोळी मात्र सकाळीच घेऊन झाली होती. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. त्यात गोळी, त्यात उपाशी पोट. तेलाचा दोष असलाच तर चार आण्याचा होता.

तेव्हा सासूबाईंशी बोला. मिस्टर ऑफिसला गेल्यावर, चहा घेताना, तुम्ही दोघीच. "का नाही सांगितलंत" हा प्रश्न विचारूच नका. विचारा ते असं : जाग कशाने आली? लघवीची घाई होती का? उठून किती पावलं चालल्यावर तोल गेला? डोळ्यांपुढे अंधारी आली, की पाय कशात अडकला? की पाय एकदम मऊ पडले? दिवा लावला होता का? पडल्यावर उठलात कशा, किती वेळ लागला? या उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. अंधारी आली असेल तर तो रक्तदाबाचा किंवा हृदयाचा मामला आहे. पायपुसण्यात अंगठा अडकला असेल तर तो पायपुसण्याचा. मध्ये काय झालं ते आठवतच नसेल, क्षणभर शुद्ध गेल्यासारखं वाटलं असेल, तर हे पत्र इथेच ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्या.

त्या बोलल्या की मग तुम्ही एक करा. एका रात्री दोन वाजता त्यांच्या पलंगावर आडव्या व्हा आणि दिवा न लावता बाथरूमपर्यंत चालत जा. हसू नका, मी खरंच सांगतेय. मी जिथे जिथे लोकांना हे करायला लावलं, तिथे लोक पहिल्या पाच पावलांतच चकित झाले. चष्मा कुठे ठेवलाय ते सापडत नाही. चप्पल पलंगाखाली गेलेली असते. मोबाइलच्या चार्जरची वायर आडवी पसरलेली असते. दिव्याचं बटण दाराजवळ, म्हणजे जिथे पोचायला आधी अंधारातून चालावं लागतं तिथे. बाथरूमच्या दाराशी पायपुसणं, त्याखाली ओलसर फरशी, त्यापुढे दोन इंचांचा उंबरा. या वाटेने ७६ वर्षांची बाई अर्धवट झोपेत, घाईत, अनवाणी जाते. आणि त्या वेळी घरात कुणी जागं नसतं.

यातलं निम्मं काम शंभर-दोनशे रुपयांत होतं. प्लगमध्ये बसणारे छोटे दिवे मिळतात, अंधार पडला की आपोआप लागणारे. एक पलंगाजवळ लावा, एक बाथरूमच्या दाराशी. वायर भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने बसवा. चष्मा आणि पाण्याचा तांब्या रोज एकाच ठिकाणी, हाताला लागेल असा. कापडी पायपुसणं काढून खाली रबर असलेलं, जड, न सरकणारं घ्या. जुन्या साडीची शिवलेली मऊ पायपुसणी दिसायला छान असतात, पण गुळगुळीत लादीवर ती घसरगुंडीच. पलंगाची उंचीही बघा. काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पलंग उंच आहे, आणि उठताना ढोपरं कमरेच्या वर जात असतील तर तो फार खाली आहे.

आता गोळ्या. माझा खरा संशय इथेच आहे. घरात बीपीचं मशीन असेल, नसेल तर दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या. सकाळी सासूबाई पाच मिनिटं आडव्या असताना बीपी मोजा. मग त्यांना उभं करा, मागे खुर्ची ठेवा, तुम्ही शेजारी थांबा. उभं राहिल्यावर एका मिनिटाने मोजा, तिसऱ्या मिनिटाला परत मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर मेंदूला रक्त कमी पडतंय असं समजा. तीन दिवस असं करून वहीत लिहून ठेवा. ही वही डॉक्टरांपुढे ठेवलीत तर दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोग होईल, कारण दवाखान्यात बीपी खुर्चीत बसवूनच मोजतात आणि बसलेल्या माणसाचं बीपी छान येतं.

बीपीच्या स्ट्रिपवर बारीक अक्षरात हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं नाव आहे का, तेही वाचा. त्या लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या असतात, पुष्कळदा दुसऱ्या गोळीत मिसळलेल्या. ती गोळी रात्री घेत असतील तर पहाटेच्या फेऱ्या त्यामुळेही वाढलेल्या असू शकतात. वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. लघवीची घाई अलीकडेच वाढली असेल तर लघवीची तपासणीही करून घ्या. म्हाताऱ्या बायकांमध्ये जंतुसंसर्ग कधीकधी ताप न येता नुसता घाईने कळतो.

आणि झोपेची गोळी. माझा अंदाज आहे की सासरे गेले त्या दिवसांत ती सुरू झाली. "पंधरा दिवस घ्या" म्हणून दिलेली ही गोळी दोन वर्षं चालू राहिलेली मी किती घरांत पाहिलीय त्याची गणती नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम अशी नावं असतात. वय झालेल्या शरीरातून ही औषधं सावकाश बाहेर पडतात. रात्री दहाला घेतलेल्या गोळीची गुंगी पहाटे साडेचारलाही पायांत असू शकते. जाग लघवीने येते, पण पाय झोपलेलेच. पण म्हणून गोळी आज रात्रीपासून बंद करून टाकू नका हं. बऱ्याच दिवसांची सवय एकदम तोडली तर झोप पार उडते, माणूस बेचैन होतं, फिटही येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, थोडी थोडी कमी करायची असते. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या, मेडिकलवाल्याने परस्पर दिलेली सर्दीची गोळीसुद्धा. तिनेही गुंगी येते.

तोवर उठायची रीत बदलायची. जाग आली की आधी कुशीवर व्हायचं, मग पाय खाली सोडून काठावर बसायचं. बसल्या बसल्या पावलं दहा-पंधरा वेळा वरखाली करायची, म्हणजे पोटऱ्या रक्त वर ढकलतात. मग उभं राहायचं आणि पलंग धरूनच एक ते दहा मोजायचे. मगच पाऊल टाकायचं. "तेवढा वेळ थांबवत नाही" असं म्हणाल्या तर पलंगाशेजारी रात्रीपुरती कमोड-खुर्ची ठेवण्याचा विषय काढा. पहिल्यांदा नाक मुरडतील. माझ्या एका पेशंट आजींनी त्या खुर्चीवर दिवसा गोधडी टाकून तिला पाहुण्यांची खुर्ची करून टाकलं होतं.

बाल्कनीतलं पडणं निराळं. दोन्ही हातांत छातीपर्यंत कपडे, म्हणजे पाय दिसतच नाहीत. शिवाय चष्मा बायफोकल असेल, तर खाली बघताना नजर वाचायच्या काचेतून जाते आणि दोन हातांपलीकडचा उंबरा धूसर दिसतो. जिना उतरतानाही हेच होतं. बाहेर आणि जिन्यावर वापरायला फक्त लांबचा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्या. त्याच फेरीत मोतीबिंदू तपासून घ्या. पिकायची वाट बघायचे दिवस केव्हाच गेले. उंबऱ्याच्या कडेला पिवळी किंवा लाल पट्टी चिकटवा. आणि कपड्यांचं काम त्यांना परत द्या. घडी होऊन उभं राहणारं स्टँड बाल्कनीच्या आतल्या बाजूला ठेवा, थोडे थोडे कपडे खांद्यावर टाकून आणायचे, एक हात मोकळा. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढणं मात्र बंद, आणि हा नियम घरातल्या सगळ्यांना. बघा, एका माणसासाठी केलेला नियम टोचतो, सगळ्यांसाठी केलेला तेवढा टोचत नाही.

बाथरूम फोडू नका. पन्नास-साठ हजार घालवून लोक चकचकीत टाइल्स बसवतात आणि पुन्हा त्यावर घसरतात. आधी धरायला दोन दांड्या बसवा, स्टीलच्या, भिंतीत ड्रिल करून, वजन पेलणाऱ्या फास्टनरने. एक कमोडशेजारी, एक आंघोळीच्या जागी. उंची मिस्त्रीला ठरवू देऊ नका. सासूबाईंना तिथे उभं करा, बसवा, उठायला सांगा, आणि त्यांचा हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. टॉवेलचा रॉड म्हणजे ही दांडी नाही. तो दोन स्क्रूंवर लटकलेला असतो, घसरलेल्या माणसाने धरला की तो टाइलसकट हातात येतो. हवेच्या दाबाने भिंतीला चिकटणारी हँडल्स ऑनलाइन स्वस्त मिळतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. बसवलेल्या दांडीला तुम्ही स्वतः सगळा भार टाकून लटकून बघा, मगच मिस्त्रीचे पैसे चुकते करा.

आंघोळ बसून. नेहमीचं प्लास्टिकचं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं. पायांना रबरी बूच असलेली, पाठ असलेली खुर्ची घ्या. भरलेली बादली उचलायची नाही, जिथे लागेल तिथेच नळाखाली भरायची. साबणाची वडी नायलॉनच्या जाळीत घालून नळाला टांगा, म्हणजे ती निसटली तरी मागे वाकायला नको. चिकटणारी रबरी मॅट घेतलीत तर आंघोळ झाली की उचलून उभी करून वाळवायची. नाहीतर खाली बुळबुळीत थर साचतो आणि न घसरण्यासाठी आणलेली मॅटच घसरायला लागते. केसांना तेल लावायचं ते आंघोळीनंतर, बाहेर बसून.

राहिलं दाराचं. उघड्या दाराने आंघोळ करायला सांगणं म्हणजे, माफ करा, पण मला सांगितलं असतं तर मीही चिडले असते. आयुष्यभर पदर सावरलेल्या बाईला हे सांगायचं नसतं. बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी कडी मिळते, ती बसवा. दार आत उघडत असेल तर सुताराकडून ते बाहेर उघडेल असं करून घ्या. आत पडलेल्या माणसाचं अंगच दाराला अडतं आणि बाहेरच्यांना ते ढकलताही येत नाही. मी एकदा अशा दारापाशी तासभर उभी राहिले आहे, शेवटी बिजागऱ्या काढाव्या लागल्या.

कॅमेऱ्याबद्दल मिस्टरांना एवढंच सांगा की तो पडणं दाखवतो, थांबवत नाही. त्याऐवजी सासूबाईंच्या गळ्यात कापडी पाकिटात छोटा फोन राहू द्या, एक बटण दाबलं की तुम्हाला लागेल असा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मिस्टरांच्या फर्मानाने नेमकी उलटी होतेय. बसून राहिलेलं माणूस जास्त पडतं. मांड्या आणि पोटऱ्या वापरल्या नाहीत तर या वयात त्या आठवड्या-दोन आठवड्यांत ढिल्या पडायला लागतात. पडायची भीती बसली की चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की पाय अशक्त होतात, आणि अशक्त पायांनी बाथरूमला तर जावंच लागतं. पासष्टीपुढच्या साधारण तीन माणसांतलं एक दरवर्षी पडतं, हा आकडा जगभरचा आहे, म्हणून तो नशिबाचा भाग समजू नका. न्यूझीलंडमधल्या डुनेडिनच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात म्हाताऱ्या माणसांसाठी घरच्या घरी करायचे पायांचे आणि तोलाचे व्यायाम बसवले. ते आठवड्यातून तीनदा करून, जोडीला थोडं चालून, पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी उतरलं. इतकं काम कुठलीही टाइल करत नाही.

सुरुवातीला दोन साध्या चाचण्या घ्या. न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सासूबाईंनी हात छातीशी घ्यायचे, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. त्यांच्या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर आहेत. दुसरी : खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, नेहमीच्या चालीने. तुमच्याकडे दोन फुटी टाइल्स असतील तर पाच टाइल्स म्हणजे तीन मीटर. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे. आकडे लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा.

व्यायाम असा नावाने सांगितला तर त्या करणार नाहीत, म्हणून तो स्वयंपाकघरात घुसवा. सकाळी दूध तापेपर्यंत ओटा धरून टाचा वर-खाली. कुकरच्या पहिल्या शिट्टीपर्यंत ओट्याला समांतर, आडवं चालणं, उजवीकडे चार पावलं, डावीकडे चार. जपाला बसायच्या खुर्चीतून आधी पाच वेळा उठबस, हातांचा आधार जमेल तेवढा कमी करत. एका पावलापुढे दुसरं पाऊल टाचेला चवडा लावून उभं राहायचं, ओट्यावर बोटं टेकवून, दहापर्यंत मोजत. जमलं की बोटं उचलायची. पहिले दोन-तीन आठवडे तुमच्या भागातल्या फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून हे नीट बसवून घ्या, कारण गुडघे दुखत असतील तर यात बदल करावे लागतात. आणि सोडलं की फायदा जातो, हे लोणच्यासारखं वर्षभर टिकत नाही.

पायात काय घालतात? घरात मोजे घालून चालणं वाईट, झिजलेल्या रबरी सपाता त्याहून वाईट. मागे पट्टा असलेली, पातळ पण खरखरीत तळाची चप्पल घ्या. गाऊन किंवा साडी घोट्याच्या वर राहील एवढी. झालं.

काठीचं घाईने बोलू नका. खुर्चीच्या चाचणीचा निकाल बघून फिजिओथेरपिस्ट सांगेल ती लागते का. लागली तर हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत तिची उंची हवी, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. पुष्कळ लोक उलटं धरतात, अगदी टीव्हीवरच्या मालिकांतले आजोबासुद्धा. घरातल्या सासऱ्यांच्या जुन्या काठीवर भागवू नका. ती त्यांच्या उंचीची होती, आणि तिच्याकडे बघून सासूबाईंना काय वाटेल, तेही आहेच.

पूर्णवेळ बाई ठेवायची असेल तर ती सासूबाईंना बसवून सगळं हातात देणारी नको. तिने शेजारून चालायला हवं. सध्या मला तुमच्याकडे बाईपेक्षा फिजिओथेरपिस्टची आठ-दहा सत्रं जास्त गरजेची वाटतात.

हाडांचंही बघून घ्या. एवढ्या पडण्यात मनगट नुसतं काळंनिळं झालं हे नशीब, पण अजून दुखत किंवा सुजलेलं असेल तर एक्स-रे काढा. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी या वयात करायलाच हवी. हाडं ठिसूळ निघाली तर त्यावर चांगली औषधं आहेत. फक्त ड जीवनसत्त्वाच्या ६० हजार युनिटच्या पुड्या रक्त न तपासता वर्षानुवर्षं दुधात ढवळत राहू नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस देऊन पाहिला होता. २०१० साली निकाल आला तेव्हा त्या बायका कमी पडण्याऐवजी जास्त पडल्या होत्या.

एवढं करूनही पडणं शून्यावर येत नाही, म्हणून पडल्यावर काय करायचं तेही घरात सगळ्यांना माहीत हवं. पहिली गोष्ट, काखेत हात घालून ओढून उठवायचं नाही. एक मिनिट तसंच पडू द्या, श्वास घेऊ द्या, कुठे दुखतंय विचारा. खुब्यात कळ असेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, १०८ ला फोन करा. तेल लावून चोळायचं नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही. खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत व्हायला हवं. "वय झालंय, ऑपरेशन नको" म्हणून जी माणसं अंथरुणावर ठेवली जातात, त्यांना न्यूमोनिया आणि अंथरुणातल्या जखमा नेतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर बरं वाटत असलं तरी स्कॅन करून घ्यायचं. मेंदूवर सावकाश साचणारं रक्त कधीकधी दोन-तीन आठवड्यांनी लक्षणं दाखवतं, सतत झोप, गोंधळ, चालताना एका बाजूला कलणं अशी.

काहीच मोडलेलं नसेल तर स्वतः उठायची रीत त्यांना शिकवून ठेवा, गादीवर, दोन-तीनदा सराव करून. कुशीवर वळायचं, मग ढोपरांवर आणि हातांवर यायचं, रांगत जवळच्या पक्क्या खुर्चीपाशी जायचं, दोन्ही हात खुर्चीवर, बळकट पाय पुढे रोवायचा आणि रेटा देऊन उठून बसायचं. हे येतं म्हटल्यावर माणसाची भीती निम्म्याने उतरते. तुम्हीही शेजारी आडव्या पडून करा, दोघी हसाल तरी.

कागदोपत्री एक काम राहिलं. सत्तरीपुढच्यांसाठी उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार त्यात धरलाय. आधार कार्डावर निघतं, आजच काढून ठेवा. ऑपरेशनची वेळ आल्यावर रांगेत उभं राहायला नको. ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

आता गुरुवार. भजनी मंडळ परत सुरू करा. जिन्यावर आठवड्यातून दोन-तीनदा चढउतार हाच त्यांचा सगळ्यात चांगला व्यायाम आहे, फक्त जिना तसा हवा. सोसायटीला अर्ज द्या : भिंतीच्या बाजूनेही कठडा, प्रत्येक पायरीच्या कडेला रंगाची पट्टी, आणि मधल्या वळणावरचा तो कायम गेलेला बल्ब. सोसायटी कुरकुरली तर बाकी मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांची नावं मोजून दाखवा. आणि शेवटच्या पायरीला वेगळा रंग द्यायला सांगा. जिना संपला असं वाटून माणसं तिथेच पडतात.

मात्र बीपीची वही डॉक्टरांना दाखवून झाल्याशिवाय पहिला गुरुवार नको. त्या दिवशी उतरताना तुम्ही त्यांच्या एक पायरी खाली, किंचित बाजूला राहा. हात धरू नका, त्यांचा हात कठड्यावर राहू द्या. टाळांची पिशवी मात्र तुम्ही घ्या.